जुनी कोरियन बॉलपेनं आणि रोलरबॉल पेनं : संग्राहकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोरियन पेनंच का? जपानी, जर्मन पेनं सोडून तिकडे कशाला वळायचं?

कोरियन पेनांचा इतिहास साध्या पेनांचा आहे, म्हणून. १९५३ मध्ये कोरियन युद्ध थांबलं तेव्हा दक्षिण कोरियाकडे फारसे कारखाने नव्हते, कच्चा माल नव्हता आणि मुलं पेन्सिलीने किंवा टाकाने लिहीत होती. पदवी मिळाली की भेट द्यायचं भारी पेन बहुतेक परदेशी असायचं. देशातल्या कारखानदारांनी जीव ओतला तो सर्वात स्वस्त पेनात. वह्या, हिशेब, अर्ज, पत्रं, परीक्षा, एका देशाची पन्नास-साठ वर्षांची लिखापढी ज्या पेनांनी झाली ती पेनं आज आजीच्या शिवणाच्या डब्यात आणि बंद पडत चाललेल्या स्टेशनरीच्या दुकानांत पडून आहेत. कोरियाबाहेर त्यांच्याकडे फार थोड्यांचं लक्ष आहे, त्यामुळे कमी पैशांत खरोखर चांगला संग्रह उभा राहतो. मात्र सोन्याची निब, लाखेचं काम, हाताने केलेली नक्षी यांची ओढ असेल तर हे क्षेत्र तुमचं नाही.

जुनं पेन म्हणजे किती जुनं?

सर्वमान्य रेघ नाही. मी २००० साल धरतो. ही सोय कोरियानेच करून दिली आहे, कारण त्या वर्षी तिथे छापील मजकुरात इतके बदल झाले की आधीचं आणि नंतरचं पेन बऱ्याचदा नजरेनेच वेगळं काढता येतं. त्याचा तपशील वय ठरवण्याच्या प्रश्नात आहे.

सुरुवात कुठल्या पेनापासून करावी?

मोनामी १५३. दुसरं उत्तर नाही.

हे पेन १ मे १९६३ ला बाजारात आलं. तेव्हा कंपनीचं नाव क्वांगशिन केमिकल होतं. मोनामी हे आधी मालाचं नाव होतं, पुढे तेच कंपनीचं झालं. संस्थापक सोंग साम-सॉक रंगखडू, जलरंग विकत आणि जपानी स्टेशनरी आयात करत. १९६२ मध्ये सोलच्या क्यांगबोकगुंग राजवाड्याच्या आवारात औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे एका जपानी कंपनीच्या माणसाच्या हातात त्यांनी असं पेन पाहिलं की जे दौतीत बुडवावं लागत नव्हतं. बॉलपेनची शाई बनवणं सोपं नसतं. ती पातळ झाली तर टोकातल्या छर्‍याच्या कडेने गळते आणि घट्ट झाली तर उतरतच नाही. ते तंत्र त्यांनी जपानच्या ओटो कंपनीकडून मिळवलं.

पेन हातात घेतलं की त्यातला विचार कळतो. अंग पांढरं आणि षट्कोनी, त्यामुळे उतरत्या बाकावरूनही ते घरंगळत नाही. भाग पाचच : अंग, पुढचं शंकूसारखं टोक, स्प्रिंग, रिफिल आणि वरचा खटका. टोक आणि खटका शाईच्या रंगाचे, म्हणजे काळे, निळे किंवा लाल. क्लिप नाही, धातूची कडी नाही, अंगाच्या सहा बाजूंपैकी एकीवर नाव आणि आकडा. आपल्याकडे पांढऱ्या नळीच्या आणि निळ्या टोपणाच्या रेनॉल्ड्सने शाळेची वर्षं व्यापली, तसं कोरियात या पेनाने व्यापली. आजवर अशी शेकडो कोटी पेनं विकली गेली आहेत आणि मूळ घाट फारसा बदललेला नाही.

म्हणूनच नवख्याला ते सोपं वाटतं आणि मुरलेल्याला अवघड. घाट तोच असल्याने सगळा फरक बारकाव्यात असतो : अक्षरांची जाडी, पांढऱ्या रंगाची छटा, साच्याची जोडरेघ कुठे पडते, खटक्याचा आकार. नुसत्या १५३ चा संग्रह करूनही आयुष्य पुरेल.

१५३ हा आकडा कुठून आला?

१५ म्हणजे तेव्हाची किंमत, १५ वॉन. ३ म्हणजे कंपनीचं तिसरं उत्पादन. त्या काळी सोलमध्ये बसचं तिकीट आणि वर्तमानपत्रही साधारण तेवढ्यालाच मिळायचं. याखेरीज बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात येशूचा शिष्य पेत्र जाळं ओढतो तेव्हा १५३ मासे निघतात ही कथा आहे आणि सोंग श्रद्धाळू ख्रिस्ती होते. तिसरी गोष्ट पत्त्यांची. एक, पाच आणि तीन मिळून नऊ होतात आणि कोरियन पत्त्यांच्या डावात नऊ शुभ मानतात. तिन्ही गोष्टी तिथे सांगितल्या जातात आणि मला तिन्ही नोंदवून ठेवाव्याशा वाटतात.

कोरियन लिपी येत नाही. पेन ओळखू कसं?

हंगुल आठवड्याभरात वाचता येऊ लागते, तेवढे कष्ट घ्याच. तोवर आकार लक्षात ठेवा. ‘मोनामी’ हा शब्द तीन चौकटींत बसतो. पहिल्या चौकटीत छोटा चौरस आणि त्याच्याखाली आडवी रेघ, रेघेवर मध्ये आखूड दांडी. दुसरीत रोमन एल सारखा कोपरा, त्याच्या उजवीकडे उभी रेघ आणि तिला बाहेरच्या अंगाला छोटा काटा. तिसरीत पुन्हा चौरस आणि उजवीकडे साधी उभी रेघ. चौरस, कोपरा, चौरस असा क्रम दिसला की पेन मोनामीचं.

‘डोंग-आ’ आणखी सोपं. दोन चौकटी, दोन्हींत एकेक वर्तुळ. पहिल्या चौकटीत वर्तुळ तळाशी असतं, दुसरीत डावीकडे.

मोनामीखेरीज कुणाची पेनं पाहावीत?

डोंग-आ सर्वात आधी. १९४६ मध्ये देजॉन शहरात सुरू झालेली ही पेन्सिलीची कंपनी. पुढे तिने बॉलपेनं, पाण्याच्या शाईची पेनं आणि जेल पेनं काढली. ॲनीबॉल ही बॉलपेनं आणि एक्स-क्यू सिरॅमिक ही रोलरबॉल पेनं कोरियन दप्तरांत भरपूर असायची. फाइनटेक हे बारीक टोकाचं पेन त्यांचंच. परीक्षेच्या टाचणवह्या मुंगीच्या अक्षरात भरणाऱ्या विद्यार्थ्यांचं ते लाडकं.

मॉर्निंग ग्लोरीची १९८१ नंतरची पेनं आणि बारुनसनची चित्रांची पेनं यांचा एक स्वतंत्र कप्पा होऊ शकतो. १९८० आणि ९० च्या दशकांत कोरियन मुलींच्या कंपासपेट्यांत काय असायचं ते या पेनांतून कळतं. पुरुष संग्राहक हा कप्पा अनेकदा सोडून देतात. माझ्या मते ते मोठं नुकसान आहे, कारण ही पेनं लहान मुलांच्या हातात असल्याने सर्वात आधी फुटली आणि आज चांगल्या अवस्थेत कमी दिसतात.

कोरियन पायलट आणि आपिस या नावांचा दबदबा फाउंटन पेनांमुळे आहे. त्यांची बॉलपेनं समोर आली तर जरूर घ्या, पण त्यांच्या शोधात वणवण करू नका.

बॉलपेन, रोलरबॉल आणि जेल यांत संग्रहाच्या दृष्टीने काय फरक?

कोरियन खोक्यांवर तीन शब्द दिसतात : युसॉंग म्हणजे तेलकट शाई, सुसॉंग म्हणजे पाण्याची, रोलरबॉलमधली, आणि जुंगसॉंग म्हणजे या दोन्हींच्या मधली, जिला आपण जेल म्हणतो. तिन्हींच्या टोकाला छर्राच असतो. फरक शाईचा आहे, आणि पेन टिकणार की नाही ते शाईच ठरवते.

तेलकट शाईतला द्रव फार सावकाश उडतो. चाळीस वर्षांचं बॉलपेन आज उचलून लिहायला घेतलं आणि चार रेघांनंतर ते चालू लागलं, असं सहज घडतं. रोलरबॉलमध्ये पाणी असतं. टोपण जरासं सैल राहिलं तरी पाणी उडून जातं आणि आत रंगाचा वाळलेला थर उरतो. त्यामुळे लिहितं जुनं रोलरबॉल मिळणं हीच मोठी गोष्ट. बंद पाकिटातलं मिळालं तर पाकीट फोडू नका. जेलचं दुखणं वेगळं. त्यात शाईच्या मागे तेलासारखा पारदर्शक थर असतो. पेन वर्षानुवर्षं टोक वर करून राहिलं तर तो थर सरकतो, मध्ये हवा शिरते आणि शाईचे तुकडे पडतात.

पेनाचं वय कसं ठरवायचं?

या छंदाचा खरा आनंद इथे आहे. स्वस्त पेनांवर कुणी साल छापत नाही. पण ती पेनं खोक्यातून येतात, खोक्यावर पत्ता असतो, आणि अंगावर कधी बँकेचं, दुकानाचं, चर्चचं नाव असतं. छापलेलं प्रत्येक अक्षर साक्ष देतं.

आधी फोन नंबर पाहा. जुलै २००० मध्ये कोरियाने शहरांचे कोड एकत्र करून प्रांताप्रमाणे केले. सुवॉनचा कोड ०३३१ होता, तो ०३१ झाला. म्हणजे ०३३१ छापलेलं पेन त्याआधीचं. मोबाइल नंबर असेल तर आणखी बरं. ०१० हा कोड जानेवारी २००४ पासून मिळू लागला. त्याआधी ०११, ०१६, ०१७, ०१८, ०१९ असे कोड होते. ०१२ किंवा ०१५ ने सुरू होणारा नंबर दिसला तर तो पेजरचा आणि पेन बहुधा नव्वदच्या दशकातलं.

मग इंग्रजी अक्षरांतली शहरांची नावं पाहा. जुलै २००० मध्येच रोमन लिपीत लिहायचे नियम बदलले. आधी पी ने सुरू होणारं पुसान आता बी ने लिहितात, टी ने सुरू होणारं तेजॉन आता डी ने आणि के ने सुरू होणारं क्वांगजू आता जी ने. दुकानदारांनी जुने ठसे काही वर्षं वापरले असणार, तेव्हा याला एकटा पुरावा मानू नका. फोन नंबराशी जुळतं का ते पाहा.

पिनकोड तसाच बोलका. सहा आकडी, मध्ये आडवी रेघ असलेला कोड १९८८ ते २०१५ च्या काळातला. ऑगस्ट २०१५ पासून पाच आकडी कोड आले. खोक्यावर ८८० ने सुरू होणारा बारकोड असेल तर तो खोका १९८८ च्या आधीचा नाही, कारण कोरियाला तो क्रमांक त्या वर्षी मिळाला. के आणि सी ही अक्षरं जोडून केलेली सुरक्षाखूण २००९ नंतरची. खोक्यावर चिनी अक्षरं जितकी जास्त, तितका तो साधारणपणे जुना.

माझ्या सर्वात आवडीची साक्ष बँकांची. १९९७ मध्ये कोरियावर आर्थिक संकट कोसळलं आणि जुन्या नावाजलेल्या बँका एकेक करून दुसऱ्यांत विलीन झाल्या. हान-इल बँक आणि कमर्शियल बँक १९९९ मध्ये एकत्र येऊन हानबित झाली, २००२ मध्ये तिचं नाव वूरी झालं. सोल बँक २००२ मध्ये हाना बँकेत गेली. चोहुंग बँक २००६ मध्ये शिनहानमध्ये. खातेदारांना वाटलेल्या पेनांवर ही नावं राहून गेली. हानबित छापलेलं पेन मिळालं तर त्याचं वय १९९९ ते २००२ या तीन-चार वर्षांत बसतं. महागड्या पेनांचं वयही इतकं नेमकं क्वचित ठरवता येतं.

एक खबरदारी. जून १९६२ पर्यंत कोरियाचं चलन ह्वान होतं, मग दहा ह्वानला एक वॉन असा बदल झाला. ह्वानमध्ये किंमत छापलेल्या खोक्यात १५३ पेनं ठेवून कुणी विकत असेल तर खोका आणि पेनं नंतर एकत्र केलेली आहेत.

सोल ऑलिम्पिकची पेनं वेगळी जमवावीत का?

हो. १९८८ च्या ऑलिम्पिकचा शुभंकर होडोरी नावाचं वाघाचं पिल्लू होतं, आणि १९९३ च्या देजॉन एक्स्पोचा कुमडोरी. या दोघांची पेनं मूळ पेनापेक्षा चित्रामुळे महाग मिळतात, कारण क्रीडावस्तू गोळा करणारेही त्यांच्या मागे असतात. चित्राचे रंग एकमेकांवर नीट बसलेत का, टोपण मूळचंच आहे का, एवढं पाहा.

रिफिल सुकली आहे. चालू करता येईल का?

आधी टोक भिंगातून पाहा. नव्या रिफिलच्या टोकावर मेणासारखा बारीक थेंब असतो. बऱ्याच ‘सुकलेल्या’ रिफिली या थेंबामुळे अडलेल्या असतात. तो नखाने अलगद निघतो.

तरीही लिहीत नसेल तर जरा खरखरीत कागदावर आठचा आकडा गिरवत राहा, जोर न लावता. मग रिफिल छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीचं तोंड बंद करा आणि टोक खाली ठेवून कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं धरा. पाणी उकळतं नको. शाई सैल होते, पुसून पुन्हा गिरवा. नळीत मध्येच पोकळी दिसत असेल तर रिफिल दोऱ्याला पक्की बांधून, टोक बाहेरच्या बाजूला ठेवून गोल फिरवा. शाई टोकाकडे सरकते. हे घराबाहेर आणि जुने कपडे घालून करा.

काडी पेटवून टोक तापवायचा उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. संग्रहातल्या पेनावर तो करू नका. छर्रा ज्या कडीत बसतो ती कडी तापून सैल होते आणि मग शाई आयुष्यभर गळत राहते.

आणि चालू झाल्यावर जुनं १५३ लिहिता लिहिता टोकाशी शाईची गुठळी सोडतं, ती पेनाची खोड आहे, बिघाड नव्हे. छर्रा फिरताना जादा शाई कडीच्या काठावर साचत जाते आणि मध्येच कागदावर उतरते. प्रत्येक कोरियन विद्यार्थ्याला ही गुठळी टिपायला शेजारी कागदाचा कपटा ठेवायची सवय होती.

सुकलेलं रोलरबॉल मात्र तसंच राहू द्या. थेंबभर पाणी सोडून काही जण ते जागं करतात, पण शाई फिकी येते आणि दोन दिवसांत पुन्हा बसते.

रिफिल बदलली तर मोल कमी होतं का?

मूळ रिफिल जपून ठेवली असेल तर नाही. ती छोट्या पाकिटात घालून पेनासोबतच ठेवा.

पिवळं पडलेलं पांढरं अंग पुन्हा पांढरं करता येईल का?

करता येतं, करू नये. हायड्रोजन पेरॉक्साइडने पिवळेपणा जातो, पण रंग ठिगळांसारखा उतरतो आणि काही काळाने पिवळेपणा परत येतो. शिवाय छपाई धोक्यात येते. माझ्या दृष्टीने पिवळं पण अक्षरं शाबूत असलेलं पेन हे पांढऱ्या आणि कोऱ्या पेनापेक्षा कधीही वरचढ. अक्षरं गेली की पेनाची सगळी माहिती गेली.

धूळ आणि हाताचा मळ काढायला कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब आणि जुना मऊ सुती कपडा पुरतो. आधी रिफिल आणि स्प्रिंग काढा, छपाईच्या बाजूवर घासू नका, पूर्ण वाळल्याशिवाय जोडू नका. नेलपॉलिश काढायचं द्रावण प्लास्टिक विरघळवतं. स्पिरिटने अक्षरं पुसली जातात.

पकडीचं रबर चिकट झालं आहे. काय करू?

नव्वदच्या दशकानंतरच्या पेनांना हा रोग आहे. मऊ रबर दमट हवेत हळूहळू विघटित होतं आणि ते पूर्ववत होत नाही. अशी पेनं बटर पेपरमध्ये एकेकटी गुंडाळा आणि इतरांपासून दूर ठेवा.

मुंबईत आणि कोकणात दमट हवेत पेनं कशी जपायची?

हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून पाहणं. सर्वात आधी गंजते ती स्प्रिंग. गंजाचा तांबूस डाग पांढऱ्या प्लास्टिकला आतून लागला की निघत नाही, म्हणून जास्त जुन्या पेनांच्या स्प्रिंगा काढून वेगळ्या ठेवणं चांगलं.

काही शेजार टाळायचे. खोडरबर पेनाला टेकून राहिलं तर काही महिन्यांत दोन्ही एकमेकांत वितळून बसतात, कारण रबर मऊ ठेवणारं द्रव्य प्लास्टिकमध्ये उतरतं. पीव्हीसीच्या मऊ, वासाच्या पाकिटांचंही तसंच. डझनाच्या खोक्याभोवती दुकानदाराने लावलेलं रबरबँड आल्याआल्या काढा. ते कोरडं पडून तुटतं आणि पुठ्ठ्यावर तपकिरी चट्टा सोडतं. खोक्याला सुती फीत बांधा.

बॉलपेनं आडवी चालतात. जेल पेनं टोक खाली करून उभी ठेवा. ऊन कुठल्याच पेनाला नको.

कोरियात गेलो तर कुठे शोधू?

सोलमध्ये दोंगम्यो स्टेशनबाहेरचा जुना बाजार. ग्वान यू या योद्ध्याच्या देवळाच्या कुंपणालगत पथाऱ्या मांडलेल्या असतात. तिथे पेनं कपड्यांच्या आणि घड्याळांच्या ढिगांत मिसळलेली असतात, तेव्हा वेळ काढून जा. शिनसॉल-दोंगचा जुन्या वस्तूंचा बाजार जास्त नीटनेटका आणि थोडा महाग. दोंगदेमुनजवळ चांगशिन-दोंगची स्टेशनरी आणि खेळण्यांची घाऊक गल्ली आहे. तिथे पुढच्या मांडणीवर नवा माल असतो, मागच्या फळीवर काय आहे ते विचारावं लागतं. नामदेमुनमधलं आल्फा हे १९७१ पासूनचं मोठं स्टेशनरी दुकान नव्या मालासाठी आणि रिफिलींसाठी उत्तम.

पण खरा माल शाळांसमोरच्या छोट्या दुकानांत. त्यांना मुनबांगू म्हणतात. मुलांची संख्या घटली, शाळाच सामान देऊ लागल्या, आणि ही दुकानं झपाट्याने बंद होत आहेत. लहान गावांतल्या दुकानांत वरच्या फळीवर न उघडलेले खोके अजून असतात. आत जाऊन नमस्कार करा आणि ‘येन्नाल बोलपेन’ आहे का विचारा, म्हणजे जुन्या काळचं बॉलपेन. ‘जेगो’ म्हणजे पडून राहिलेला माल. दुकानदार वयस्क असतात, त्यांच्याशी घासाघीस फार करू नका. त्यांनी सांगितलेली गोष्ट लिहून घ्या.

महाराष्ट्रात बसून पेनं कशी मिळतील?

कोरियातले जुन्या मालाचे मोठे ऑनलाइन बाजार म्हणजे बुंगेजांगतो, जुंगोनारा आणि तांगून. तिघांनाही साधारणपणे स्थानिक फोन नंबराची ओळख लागते, म्हणून बाहेरच्या ग्राहकाला तिथे माल घेऊन पुढे पाठवणारा मध्यस्थ बहुतेकदा लागतो. एकेक पेन मागवलं तर टपालखर्च पेनाच्या कित्येक पट होतो. पाच-सहा महिने माल मध्यस्थाकडे साठवा आणि एकदम मागवा.

सीमाशुल्क धरून हिशेब करा. पार्सलवर ‘भेट’ लिहिलं म्हणून माफी मिळत नाही. डिसेंबर २०१९ पासून ती सवलत राखी आणि जीवरक्षक औषधांपुरती उरली आहे.

पुण्यात राहणाऱ्यांना आणखी एक वाट आहे. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगाव-चाकणकडे कोरियन कंपन्या आहेत, आणि त्यांच्यासोबत आलेली कोरियन कुटुंबं शहरात राहतात. ओळख असेल तर सुट्टीवर जाणाऱ्या सहकाऱ्याला घरच्या जुन्या पेनांबद्दल विचारा. आईवडिलांच्या खणात काय सापडतं ते पाहून त्यांनाच आनंद होतो, असा माझा अनुभव आहे. मात्र त्यांच्या घरच्या वस्तूला भाव विचारू नका. बदल्यात आपल्याकडची चांगली जुनी पेनं द्या.

नकली किंवा जुळवलेलं पेन कसं ओळखू?

स्वस्त पेनाची हुबेहूब नक्कल करणं परवडत नाही, त्यामुळे जुळवाजुळवीचा धोका जास्त. १५३ चे पाचही भाग एकमेकांत बसतात. टोक लाल आणि खटका काळा असेल तर ते दोन पेनांचं मिळून झालेलं आहे. रंग जुळत असला तरी अंग पिवळं आणि खटका चकचकीत असेल तर तीच शंका घ्या. छपाई नखाने चाचपा. हाताळलेल्या पेनाची अक्षरं अंगठा टेकतो तिथे झिजलेली असतात, सगळीकडे सारखी झिजलेली असली तर ती मुद्दाम घासलेली.

एका बदलाला मात्र मी दोष मानत नाही. जुन्या काळी कोरियन मुलं पेन्सिलीचा बोटभर तुकडा उरला की तो मोनामीच्या रिकाम्या अंगात खोचून वापरायची. असं अंग पुढच्या तोंडाशी किंचित पसरलेलं असतं, आत लाकडाचा रंग लागलेला असतो, कधी दातांचे ठसेही दिसतात. विक्रेते ते फुटकं म्हणून बाजूला टाकतात. तुम्ही उचला, आणि आत पेन्सिल असेल तर ती काढू नका.

२०१४ चं धातूचं १५३ संग्रहात धरायचं का?

धरा, पण जुनं म्हणून नव्हे. पन्नास वर्षं पूर्ण झाल्याबद्दल मोनामीने धातूच्या अंगाची १०,००० पेनं काढली, किंमत २०,००० वॉन. ती लगेच संपली आणि काही दिवसांत कित्येक पट भावाने फिरू लागली. त्यातून कंपनीला कळलं की साध्या १५३ वर लोकांचं प्रेम आहे, आणि महागड्या १५३ ची अख्खी मालिका सुरू झाली. पेन देखणं आहे. पण त्या किमतीत साठ-सत्तरच्या दशकातल्या छपाईचं एखादं अस्सल साधं पेन मिळत असेल तर मी तेच घेईन.

किती पैसे द्यावेत?

दुकानातून निघालेल्या सुट्या पेनाला नव्या पेनाच्या थोडं वर. नवं १५३ गेल्या दशकात सुमारे ३०० वॉनला होतं, यावरून अंदाज येईल. छापील खोक्यासह अख्खं डझन असेल तर खोक्याचे पैसे वेगळे मोजायला हरकत नाही. रिकामा खोकाही घ्यावा. १५ वॉनची किंमत छापलेलं काही समोर आलं तर तिथे घासाघीस करत वेळ घालवू नका.

‘दुर्मीळ’ हा शब्द विक्रेत्याचा असतो. शेकडो कोटींनी बनलेलं पेन दुर्मीळ नसतं, त्याची एखादी छपाई असते.

नोंदी कशा ठेवाव्यात?

पेन हातात आलं त्याच दिवशी लिहा : कुठे मिळालं, कुणाकडून, किती रुपयांना, सोबत आणखी काय होतं. सहाही बाजूंचे फोटो घ्या, खटक्याचा आणि टोकाचा वेगळा. रिफिलवर काही छापलं असेल तर तेही टिपा, कारण रिफिल अनेकदा अंगापेक्षा नवी निघते. छापील मजकूर कोरियन अक्षरांत जसाच्या तसा उतरवा, भाषांतर नंतर होईल. एका डझनातली पेनं सुटी करून विकायची झाली तरी खोक्याच्या सगळ्या बाजूंचा फोटो प्रत्येक पेनासोबत पुढच्या माणसाला द्या.

प्लस पेन या यादीत येतं का?

नाही. मोनामीचं प्लस पेन खूप गाजलं, आजही कोरियन कचेऱ्यांत सर्रास दिसतं, पण त्याच्या टोकाला छर्रा नसतो, दाबलेल्या तंतूंचं टोक असतं. आवडलं तर जरूर घ्या, वेगळ्या डब्यात ठेवा आणि टोपण घट्ट लावा.